खान्देशातून इमॅजिकाला: लहान मुलं, आजी-आजोबा आणि हॉटेलचा मुक्काम धरून पूर्ण आखणी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जाणारी बरीच घरं एकाच पद्धतीनं जातात. रात्री निघायचं, सकाळी पोहोचायचं, दिवसभर पार्क पालथं घालायचं आणि रात्री परतीची गाडी धरायची. कॉलेजच्या पोरांना हे झेपतं. तीन, पाच, सात वर्षांची लेकरं बरोबर असतील तर दुपारी दोनच्या आत मुलं किरकिरायला लागतात, आजीचे गुडघे बोलायला लागतात, आणि पूर्ण दिवसाचं तिकीट अर्ध्या दिवसात संपतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. लहान मुलं असतील तर तिथेच मुक्काम करा आणि सगळा दिवस मुलांच्या दुपारच्या झोपेभोवती आखा. हॉटेलचे पैसे चैनीचे नाहीत, त्या झोपेचे आहेत. हे पटलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आधी जागा समजून घ्या. हे पार्क रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. थीम पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क २०१४ मध्ये, नोव्होटेल हॉटेल २०१५ मध्ये आणि स्नो पार्क २०१६ मध्ये. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. हे टप्पे सांगायचं कारण असं की थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची तिकिटंही वेगळी आहेत. ‘इमॅजिकाचं तिकीट काढलं’ म्हणजे सगळं आलं असं समजून गेलेली माणसं गेटवर खोळंबतात.

१. तिकिटाआधी मुलांची उंची मोजा

चपला-बूट काढून, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीनं खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. वय इथं फारसं कामाचं नाही. मुलाचं तिकीट फुकट, सवलतीचं की पूर्ण हे उंचीवर ठरतं. कुठल्या राइडमध्ये बसता येईल हेही उंचीवरच ठरतं. दोन्हींच्या मर्यादा पार्कच्या संकेतस्थळावर असतात. त्या अधूनमधून बदलतात, म्हणून शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी सांगितलेला आकडा धरू नका.

मग घरीच मुलांना घेऊन बसा आणि यादी करा: यात तू बसशील, यात दादा बसेल, यात कुणीच नाही. नायट्रो, डीप स्पेस, स्क्रीम मशीन या थरारक राइडमध्ये लहान मुलांना घेत नाहीत. रांगेत पाऊण तास उभं राहून शेवटी उंचीच्या पट्टीजवळ ‘नाही’ ऐकणं मुलाच्या जिवाला फार लागतं. हेच घरी आठ दिवस आधी ऐकलं तर मूल दोन मिनिटं रुसतं आणि दुसरं काहीतरी निवडतं. जाड तळाचे बूट घालून उंची वाढवायची युक्ती करू नका. बसण्याचा आडवा दांडा त्या मापाच्या अंगासाठी केलेला असतो, आणि बारीक मूल त्यातून सुटण्याचा धोका खरा आहे.

एक मूल मोठं आणि एक लहान असेल तर आई-वडिलांनी पाळी लावायची. मोठ्या राइडच्या तोंडाशी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, ‘आम्ही एकामागून एक बसू, दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागेल का?’ गर्दी नसेल तर बहुतेक वेळा काहीतरी मार्ग काढून देतात.

२. केव्हा जायचं

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, भाचरं जमतात, शाळेला सुट्टी असते. साहजिकच ‘सगळे मिळून जाऊ’ हा बेत एप्रिल-मेमध्येच ठरतो. तिथल्या उन्हाबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून ‘आमची पोरं उन्हाला पक्की आहेत’ असं आपल्याला वाटतं. आपलं ऊन कोरडं, घाम येतो आणि वाळतो. खोपोली घाटाच्या पायथ्याला, कोकणाच्या बाजूला आहे. तिथं पारा कमी दिसला तरी हवा दमट, घाम अंगावरच राहतो आणि मुलं लवकर गळतात. मेमध्येच जायचं असेल तर दुपारी बारा ते चार मुलांना उन्हात ठेवायचंच नाही हे आधीच ठरवून जा.

जून ते सप्टेंबर तिथं पाऊस आपल्या कल्पनेपेक्षा जास्त कोसळतो. डोंगर सुंदर दिसतात, पण विजा आणि जोराचा पाऊस असला की उघड्यावरच्या राइड थांबवतात.

सगळ्यात चांगले दिवस म्हणजे दिवाळीची गर्दी ओसरल्यानंतरचे, फेब्रुवारीपर्यंतचे. त्यातही मंगळवार ते गुरुवार. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळा. पहिली-दुसरीतल्या मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तर बाईंना आधी सांगून ठेवा, एवढंच. शनिवारच्या रांगेत घालवलेले तास त्याहून महाग पडतात.

पार्क आठवड्यातले सगळे दिवस सुरू असेलच असं धरू नका. तारीख निवडण्यापूर्वी संकेतस्थळावरचं कॅलेंडर उघडून बघा.

३. खोली आणि तिकीट: आधी विचारा, मग पैसे भरा

हॉटेल पार्कला लागूनच आहे. खोल्या पावणेतीनशेच्या वर आहेत, तरी सुट्टीत भरतात. हॉटेल आणि पार्क मिळून पॅकेज मिळतं. ते सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतंच असं नाही, म्हणून कागदावर दोन्ही बेरजा मांडा.

फोन करून हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ई-मेलवर मागून घ्या:

- दाखवलेल्या भावात जीएसटी धरला आहे का?
- नाश्ता कुणाकुणाचा धरला आहे? मुलांचाही?
- आई-वडिलांच्या पलंगावर झोपणाऱ्या मुलाचे पैसे किती? जादा पलंगाचे किती?
- पॅकेजमध्ये पार्कचं तिकीट एका दिवसाचं की दोन्ही दिवसांचं? थीम पार्कचं की वॉटर पार्कचं?
- खोली किती वाजता ताब्यात मिळते, किती वाजता सोडायची?
- मूल आजारी पडलं तर तारीख बदलता येते का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लहान मुलांना ताप यायला मुहूर्त लागत नाही. स्वस्त भावाच्या खोल्या आणि तिकिटं बऱ्याचदा पैसे परत न मिळणारी असतात. आमच्यासारख्या चारशे किलोमीटरवरून जाणाऱ्यांनी थोडे जास्त मोजून तारीख बदलता येणारं आरक्षण घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजी-आजोबा बरोबर असतील तर दोन खोल्या एकमेकींशेजारी मागा. पार्कात ज्येष्ठांसाठी वेगळा दर असतो, तोही विचारा.

एक सावधगिरी. व्हॉट्सअॅपवर ‘इमॅजिका अर्ध्या किमतीत’ असे संदेश फिरतात. त्यातल्या लिंकवर पैसे भरू नका. हॉटेलचा नंबर शोधताना सर्चमध्ये जो पहिला मोबाइल नंबर दिसतो, तोही खरा असेलच असं नाही. ‘आधी यूपीआयवर टोकन पाठवा’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडूनच काढा, आणि त्याच्याकडून काढलं तरी बुकिंग क्रमांक घेऊन हॉटेलला स्वतः फोन करून खात्री करा.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, मोबाइलमध्येही त्यांचे फोटो:

- सगळ्या मोठ्यांची आधार कार्डं
- मुलांचं आधार (पाच वर्षांखालच्यांचं निळं बाल आधार) किंवा जन्मदाखला
- आजी-आजोबांचा वयाचा पुरावा
- पार्कची तिकिटं, हॉटेलची पावती, रेल्वेचं तिकीट. क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ऐन वेळी नेटवर्क दगा देतं
- एटीएम किंवा क्रेडिट कार्ड. खोली देताना काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवण्याची पद्धत हॉटेलांत असते

मामा किंवा फुई (आत्या) भाचरांना घेऊन जात असेल, आई-वडील बरोबर नसतील, तर मुलांच्या ओळखपत्राबरोबर आईच्या किंवा वडिलांच्या सहीची साधी चिठ्ठी आणि त्यांचा फोन नंबर ठेवा. आडनाव वेगळं असलं की हॉटेलच्या काउंटरवर विचारतात, आणि विचारणं बरोबरच आहे.

सामानात कपड्यांपेक्षा या गोष्टींना जागा द्या: प्रत्येकाची टोपी, पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, तापाचं आणि उलटीचं औषध (मात्रा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घेऊन), डासांचं मलम, ओले कपडे ठेवायला दोन जाड पिशव्या, जुने झालेले बूट. नवे बूट या प्रवासात घालू नका. दिवसभरात मुलं जेवढं चालतात, तेवढं एरवी महिन्यात चालत नसतील. चार वर्षांखालच्या मुलासाठी ढकलगाडी न्या, नाहीतर तिथं भाड्यानं मिळते का ते विचारा. कडेवर घेऊन दिवस निघत नाही.

५. पोहोचायचं कसं

रेल्वेनं. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडच्या माणसांना मुंबईच्या रात्रीच्या गाड्या सगळ्यात सोयीच्या. रात्री मुलं झोपतात आणि पहाटे कल्याण येतं. कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल घ्यायची. काही लोकल थेट खोपोलीला जातात, नाहीतर कर्जतला बदलायची. खोपोलीच्या गाड्या कमी आहेत, वेळापत्रक आधी बघून ठेवा. सकाळची गर्दी मुंबईच्या दिशेनं असते आणि आपण उलट्या दिशेला जातो, त्यामुळे सामानासह बसायला जागा मिळते. खोपोलीहून रिक्षा करा. माणसं जास्त असतील तर कल्याण किंवा कर्जतहून सरळ गाडी ठरवलेली बरी.

धुळ्याच्या लोकांना चाळीसगावला येऊन गाडी धरता येते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर सुरत मार्गावर आहेत. तिकडून खान्देश एक्स्प्रेसनं मुंबईला पोहोचता येतं, पण तिथून पुन्हा खोपोलीला वळणं लहान मुलांसह त्रासाचं. जळगावला येऊन मध्य रेल्वेची गाडी धरा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर त्यालाही बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं. अशा दोन मुलांना घेऊन रात्रभर एका बर्थवर आई बसून जाते, हे मी किती जणींच्या तोंडून ऐकलं आहे. दुसऱ्या दिवशी तिला पार्कात दिवसभर उभं राहायचं असतं. तिकीट काढणाऱ्याला स्पष्ट सांगा: मुलालाही बर्थ पाहिजे.

एसटीनं. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. आजी, सून आणि नाती जात असतील तर हा प्रवास फारच स्वस्त पडतो. नाशिकला थांबून पुढची गाडी धरायची. लहान मुलांसह एका दमात मात्र करू नका.

स्वतःच्या गाडीनं. धुळ्याहून साडेतीनशेच्या वर, जळगावहून साधारण साडेचारशे किलोमीटर. मालेगाव, चांदवड, नाशिक, मग इगतपुरी, भिवंडी-कल्याणची बाजू, पनवेल आणि तिथून खालापूर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. गाडी लागणाऱ्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे, कारण कसारा घाटाची वळणं बोगद्यामुळे टळतात. समृद्धीवर चढण्यापूर्वी मुलांचं खाणं, लघवी आणि गाडीचं पेट्रोल आटोपून घ्या, मनात आलं तिथं थांबण्याचा तो रस्ता नाही.

आपल्यातली कितीतरी घरं आता निगडी-चिंचवडला आहेत. तिथं भाऊ किंवा बहीण असेल तर एक रात्र त्यांच्याकडे थांबून सकाळी द्रुतगती मार्गानं घाट उतरून खोपोलीला या. मुलं ताजी राहतात, आणि बहुधा त्यांचीही मुलं बरोबर निघतात.

६. हॉटेलवर पोहोचल्यावर

सकाळी पोहोचलात तर खोली लगेच मिळणार नाही. सामान काउंटरवर जमा करून पावती घ्या. एका छोट्या पिशवीत प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, औषधं आणि कागद वेगळे काढून ठेवलेले असू द्या, म्हणजे मोठ्या बॅगा उघडाव्या लागत नाहीत. रात्रभर प्रवास करून त्याच दिवशी पार्कचं तिकीट घेऊ नये असं मी सांगेन. पहिला दिवस झोप, हॉटेलचा तलाव आणि लवकर जेवण. दुसरा पूर्ण दिवस पार्क. पैसे वाचवण्यासाठी एकच मुक्काम करायचा असेल तरी क्रम हाच ठेवा: दुपारी खोली घ्या, दुसऱ्या दिवशी पार्क. मग खोली सोडण्याची वेळ आड येते. त्यासाठी खोली उशिरा सोडायला मिळेल का, किती जादा पडतील, हे आदल्या संध्याकाळीच काउंटरवर विचारा.

मोठ्या हॉटेलात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. चावी म्हणजे कार्ड असतं, आणि ते दाराजवळच्या खाचेत घातल्यावर दिवे लागतात. दार ओढलं की आपोआप बंद होतं. मूल आत आणि आपण बाहेर, असं क्षणात होतं, म्हणून दुसरं कार्ड मागून घ्या आणि ते आजीच्या किंवा बाबांच्या खिशात ठेवा. न्हाणीघराची फरशी ओली झाली की घसरते, नळाचं गरम पाणी चटका देईल इतकं गरम असू शकतं. मुलाला आधी ते दाखवा. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या वस्तूंचे पैसे लागतात का ते पोरांनी फोडण्याआधी विचारा. पाणी तापवायची किटली असते, तिच्यावर दुधाची बाटली आणि बाळाची पेज होते. घरून इंडक्शन नेऊन खोलीत खिचडी शिजवू नका. धुराची घंटा वाजते आणि आगीचा धोका खरा असतो.

पोहण्याचा तलाव मुलांना पार्काइतकाच आवडतो, कधीकधी जास्त. आपली काही मुलं शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि त्यांचे आई-बाप निर्धास्त असतात. तरी हात पोहोचेल एवढ्या अंतरावर एक मोठं माणूस पाण्यातच हवं, काठावर मोबाइल घेऊन बसलेलं नको. सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे न्या.

७. पार्कचा दिवस

रात्री मुलांना नऊला झोपवा. सकाळी नाश्त्याची वेळ सुरू होताच खाली जा. उशिरा गेलात तर बुफेत रांग असते आणि गरम पदार्थांसाठी थांबावं लागतं. मुलांना इडली, अंडं, दूध, फळ असं ओळखीचं खाऊ घाला. नवं काही चाखायचं ते रात्री.

पार्क साडेदहा-अकराच्या सुमाराला उघडतं. त्याआधी गेटवर पोहोचा. आत शिरल्यावर त्या दिवसाचं वेळापत्रक घ्या किंवा त्याचा फोटो काढा: कुठला खेळ किती वाजता, संध्याकाळची परेड किती वाजता, कोणती राइड आज बंद. मग पुढचा क्रम धरा.

सकाळचा पहिला तास लहान मुलांच्या उघड्यावरच्या राइडसाठी. टब्बी टेक्स ऑफ, मॅजिक कॅरूसेल, बम्प इट बोट्स, हम्प्टीज फॉल. ऊन कमी असतं, रांगा नसतात, आणि मुलाला एकदा ‘मला जमलं’ असं वाटलं की दिवसभर त्याचा हुरूप टिकतो. थेट अंधाऱ्या राइडनं सुरुवात केली आणि मूल घाबरलं, तर नंतर ते साध्या घोड्यावरही बसायला तयार होत नाही.

बाराच्या सुमाराला सावलीतल्या, बंद इमारतीतल्या राइड. आय फॉर इंडियामध्ये खुर्च्या अधांतरी उचलतात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर देशभरातली ठिकाणं वरून दिसतात. आजी-आजोबांनाही ही राइड मनापासून आवडते. अलिबाबाच्या राइडमध्ये गाडीत बसून बंदुकीनं नेम धरायचा असतो, पाच-सहा वर्षांच्या मुलांना ती फार भावते.

कुठल्याही राइडपूर्वी कर्मचाऱ्याला तीन गोष्टी विचारा: आत अंधार आहे का, मोठा आवाज आहे का, एकदम खाली पडतं का? मग मुलाला खरं सांगा. ‘काही नाही रे, बस’ म्हणून बसवलेलं मूल आतून रडत बाहेर येतं आणि तुमच्यावरचा विश्वास त्या दिवसापुरता तरी जातो. सलीमगढ ही भुताखेतांची अंधारी वाट आहे, लहानांना तिकडे नेऊच नका. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आग, पाणी आणि कानठळ्या बसवणारा आवाज आहे. धीट मूल असेल तर बघा.

झोपेला जाण्याआधीची शेवटची राइड राजासॉरस रिव्हर अॅडव्हेंचर, अर्थात उंचीत बसत असेल तर. होडीत बसून डायनासोरांच्या जंगलातून जायचं आणि शेवटी मोठ्या उतारावरून पाण्यात कोसळायचं. अंग भिजतं. ती शेवटी ठेवायची ती याचसाठी, म्हणजे ओल्या कपड्यांनी सरळ खोलीवर जाता येतं. सकाळी आत शिरताच भिजलेलं मूल पुढे सगळा वेळ दमट कपड्यांत फिरतं आणि रात्री शिंकायला लागतं. रांगेत उभं असताना मुलांना सांगा की राजासॉरस खरोखर होता, आणि आपल्याच देशात होता. त्याची हाडं गुजरातमध्ये सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं. ही नर्मदा आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या अंगानं वाहते. नंदुरबारच्या मुलाला हे सांगून बघा, रांग कधी संपली ते कळत नाही.

एक ते दीडच्या दरम्यान बाहेर पडा. बाहेर पडण्यापूर्वी गेटवर विचारा: पुन्हा आत येता येतं का, आणि त्यासाठी हातावर शिक्का लागतो की पट्टा? न विचारता बाहेर पडलात तर परत शिरताना वाद होतो. खोलीवर जेवण, आंघोळ, पडदे ओढून दोन तास झोप. मोठ्यांनीही झोपायचं. ही दुपार वाया गेली असं कुणी म्हणेल तर ऐकू नका.

चारच्या सुमाराला परत. आता ऊन कललेलं, एका दिवसासाठी आलेली लहान मुलं थकलेली आणि तुमची ताजी. सकाळी आवडलेली राइड पुन्हा करा. मोठ्या मुलाला बाबा नायट्रोकडे घेऊन जातील, धाकट्यासाठी आई आणि आजी परेडला कडेची जागा धरून ठेवतील. परेडला पंधरा-वीस मिनिटं आधी जा, लहान मुलांना पुढे बसवा.

जलद रांगेचा वेगळा पास मिळतो. लहान मुलांच्या राइडसाठी त्याची गरज पडत नाही. सुट्टीच्या दिवशी, मोठी मुलं जास्त असतील तरच घ्या.

८. मूल हरवू नये म्हणून

सकाळी गेटवर प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. दंडावर किंवा मनगटावर पेनानं दोन मोबाइल नंबर लिहा. एकच शब्द मुलाच्या मनावर बिंबवा: हरवलास तर तिथेच थांब. आणि गणवेशातला कर्मचारी दाखवून ठेवा, ‘यांच्यासारखे कपडे असलेल्या माणसाला सांगायचं’. एकत्र आलेली दहा-पंधरा माणसं असतील तर कोणतं मूल कुणाच्या ताब्यात, हे नाव घेऊन ठरवा. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं, आणि मोठ्या गोतावळ्यातच मुलं हरवतात.

९. खाणं

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं चालतात, बॅग तपासताना स्वतःहून दाखवा. आतलं जेवण महाग आहे, पण मुलांना उपाशी ठेवण्याइतकं नाही. दुपारचं जेवण हॉटेलवर घेतलं की हा खर्च अर्ध्यावर येतो.

प्रवासासाठी मात्र घरचंच न्या. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, घरची केळी. दशमी दोन दिवस मऊ राहते, मुलांना कोरडी लागत नाही आणि आजीला बाहेरचं चालत नसेल तर तिचीही सोय होते. शेवभाजीचा डबा रेल्वेत उघडायचा मोह आवरा. मुलाच्या पोटात दुसऱ्या दिवशी तो तिखट रस्सा नको.

१०. वॉटर पार्क आणि स्नो पार्क घ्यायचं का?

पाच वर्षांखालचं मूल असेल तर थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी घेऊ नका. दोन मुक्काम असतील तर तिसऱ्या दिवशी सकाळी वॉटर पार्क, आणि दुपारी परतीला. नायलॉनचे कपडे सक्तीचे असतात. साडी, सलवार, सुती बनियन चालत नाही, हे आजीला आणि वहिनींना आधीच सांगा. भाड्यानं पोशाख मिळतात, पण घरचे बरे. दागिने हॉटेलच्या तिजोरीत. मंगळसूत्र पाण्यात नेऊ नका.

स्नो पार्कात जाड जाकीट आणि बूट देतात. आत फार वेळ थांबवत नाही. बर्फ कधी न पाहिलेल्या मुलांना गंमत वाटते, पण दमा किंवा वारंवार सर्दी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

११. परतताना

अष्टविनायकांतले दोन गणपती याच भागात आहेत: खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर. घरी वडीलधारे असतील तर दर्शनाचा आग्रह होणारच, आणि व्हावाही. महड जवळ आहे, परतीच्या दिवशी सकाळी सहज होतं. पाली उलट्या दिशेला पडतं. स्वतःची गाडी असेल तरच धरा. चतुर्थीच्या दिवशी दोन्हीकडे गर्दी असते, त्या दिवशी रेल्वेची वेळ गाठायची असेल तर जाऊ नका.

रात्रीच्या गाडीसाठी कल्याणला किमान दीड तास आधी पोहोचा. गाडी तिथं मोजकी मिनिटं थांबते. आपला डबा फलाटावर कुठे येतो ते इंडिकेटरवर बघून तिथेच बसा. चढताना आधी एक मोठा माणूस आत, मग मुलं, मग आजी, आणि सामान शेवटी. बॅग राहिली तर पुढच्या स्टेशनवर कळवता येतं, म्हणून दारात कुणीही बॅगेसाठी अडून राहायचं नाही. बर्थवर चादर टाकली की मुलांना लगेच झोपवा, आणि जळगाव-भुसावळचा गजर दोन मोबाइलवर लावा.